बाराच्या भोंग्याआधी

"ताई, आजच्या दिवस देव रजेवर आहे असं समजा आणि बोला."

तन्वीर सोलकर हे म्हणाला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि माझं तोंड उघडायला नगरपालिकेचा बाराचा भोंगा व्हायला हवा होता. मी पर्स खुंटीला लावली, कॉम्प्युटर सुरू केला आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याच्या शर्टाचं एक बटण चुकून खालच्या काजात गेलं होतं. एरवी मी ते पहिल्यांदा सांगितलं असतं.

चातुर्मासात प्रत्येकानं काहीतरी सोडायचं ही आमच्या घरची रीत. कुणी वांगं, कुणी कांदालसूण. सासूबाईंनी एका वर्षी गोड सोडलं आणि चार महिने आम्हा सगळ्यांना कडू करून सोडलं. त्या वर्षी मला वाटलं, शब्द सोडून बघावेत. उठल्यापासून मध्यान्हीपर्यंत काष्ठमौन. साध्या मौनात माणूस खाणाखुणा करतो, पाटीवर लिहून दाखवतो, भुवया उडवतो. काष्ठमौनात तेही नाही, लाकडासारखं राहायचं. नवस नव्हता, देवाकडे मागणं नव्हतं. आमचे हे म्हणाले, "लग्नाला एकवीस वर्षं झाली, एवढं मोठं बक्षीस पहिल्यांदाच मिळतंय."

ऑफिसात मात्र माझं मौन नीट बसलं होतं. खारवण बंदराच्या बाजारपेठेत, बर्फाच्या डेपोच्या वर आमच्या दोन खोल्या. मालक बहुतेक वेळ पुण्याला असायचे. इथे मी आणि तन्वीर. आम्ही पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लहानमोठ्या स्क्रिप्ट लिहून द्यायचो. कुणाच्या बिलांची जुळणी, कुणाच्या आंब्याच्या पेट्यांचा हिशेब. सकाळचं काम मी असंच निवडायचे की ज्यात कुणाशी बोलावं लागू नये. पहिल्याच दिवशी तन्वीरनं मला डिवचलं होतं. "कोड लिहिणं हे बोलणं नाही का, ताई? मशीनशी बोललेलं चालतं आणि माणसाशी नाही?" त्याचं उत्तर मी भोंगा झाल्यावर दिलं होतं. "पोळी लाटताना लाटण्याशी कुणी बोलत नाही रे. ते काम असतं."

आज मात्र तो डिवचत नव्हता. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"काल तुम्ही सुट्टीवर होतात. तुम्हाला काही माहीत नाही. काल आपल्या निरोपानं बंदर बंद पाडलं."

निरोपाचं काम आमच्याकडे आलं त्याला तीन महिने झाले होते. रोज पहाटे हवामानाच्या आणि दरडींच्या सूचना मराठीत यायच्या. आमची स्क्रिप्ट त्या वाचायची, साफ करायची आणि दोन वाटांना लावायची. समुद्राची सूचना असेल तर मच्छीमार सोसायटीच्या तांडेलांना, म्हणजे होडी हाकणाऱ्यांना फोन. डोंगराची असेल तर घाटाखालच्या वाड्यांना फोन. फोनवर मशीनचा आवाज पहिलं वाक्य वाचायचा, आणि पुढचं ऐकायचं तर एक दाबा म्हणायचा. एक कुणीच दाबायचं नाही.

"काल घाटात पाऊस होता," तन्वीर सांगू लागला. "सूचना होती डोंगराची. ती गेली आमच्या तांडेलांना. समुद्र तर काल ताटातल्या पाण्यासारखा होता. आमच्या लोकांनी फोन ऐकला आणि होड्या सोडल्याच नाहीत. पलीकडच्या बंदरातले गेले आणि बांगड्यानं भरून आले. संध्याकाळी त्यांनी आमच्या धक्क्यासमोरून मुद्दाम भोंगे वाजवत होड्या नेल्या." त्यानं आवाज खाली आणला. "आणि ज्या वाड्यांना फोन जायला हवा होता त्यांना गेलाच नाही. दरड कोसळली नाही, अल्लाची मेहेरबानी."

मी हात मांडीवर ठेवून ऐकत होते.

"तुम्हाला वाटेल, एक दिवसाचा धंदा बुडाला, भरून निघेल. ते नाही, ताई. कासममामू काल सगळ्यांच्या देखत धक्क्यावर म्हणाले, पोरा, तुज्या मशीनचा फोन आजपास्नं मी उचलनार न्हाय. मामूंनी म्हटलं की पंचवीस होड्या तेच म्हणतात. आणि उद्या कमी दाबाचा पट्टा किनाऱ्याला येतोय. उद्या पहाटे आपली सूचना खरीच जाणार आहे. आणि ती कुणी ऐकणार नाही."

कासममामू म्हणजे त्याच्या आईचे भाऊ. वडील गेल्यावर त्यांनीच याला शिकवलं. आपली होडी याला द्यायची त्यांची फार इच्छा. हा कॉम्प्युटरकडे गेला तेव्हा ते म्हणाले होते, "जा. पन दर्याकडं पाट करून बसू नको." निरोपाचं हे काम तन्वीरनंच मालकांच्या मागे लागून आणलं होतं. मामूंना दाखवायला, असं मला नेहमी वाटायचं.

"दुपारी साडेबाराला सोसायटीत मीटिंग आहे. चेअरमन पिळणकर म्हणाले, चूक कुठं झाली ते समजावून सांग. नुसतं सॉरी नको, सॉरीवर होडी थांबत नाही. आता सांगा, ताई, मी काय सांगू? मला चूक सापडत नाहीये."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"ठीक आहे. तुम्ही नका बोलू. मी बोलतो. निदान ऐका."

त्यानं त्याचा लॅपटॉप माझ्या टेबलावर आणला. स्क्रीन बघून मला वाईट वाटलं. पहाटेपासून त्यानं ओळीओळीला छापायच्या आज्ञा पेरल्या होत्या. "इथे आलो." "इथे पण आलो." "आता इथे." पुढे पुढे नुसतं "अरे" छापलं होतं. आम्ही सगळेच असं करतो. अंधारात चाचपडताना माणूस भिंतीला हात लावत जातो तसं. पण त्यानं एका वेळी पाच जागा बदलल्या होत्या, त्यामुळे कुठल्या बदलानं काय झालं हे त्याचं त्यालाच कळेनासं झालं होतं.

"नंबरांची यादी गडबडली असणार," तो म्हणाला. "वाड्यांचे नंबर आणि तांडेलांचे नंबर मी गेल्या आठवड्यात एका फाइलमध्ये आणले. सकाळपासून तीच फाइल चाळतोय. एकेक नंबर बघितला. सगळे आपापल्या जागी आहेत. मग डोंगराची सूचना तांडेलांना गेलीच कशी?"

यादीचा खुलासा झाला, मग फोन लावणाऱ्या भागाचा, मग वेळेचा. मला त्याच्या बोलण्यात एक गोष्ट जाणवत होती. तो शेवटाकडून सुरुवातीकडे चालला होता. फोन चुकीच्या माणसाला गेला म्हणून तो माणसांच्या बाजूनं शोधत होता. सूचनेचा मजकूर स्क्रिप्टमध्ये शिरल्यावर त्याचं काय होतं तिकडे त्यानं पाहिलंच नव्हतं. मजकूर त्याला पाठ होता, आणि पाठ झालेल्या गोष्टीकडे कोण बघतं?

अकरा वाजून गेले. खालून बर्फ फोडल्याचा आवाज येत होता. तन्वीरनं यादी पुन्हा एकदा वरून खाली नेली, मग फाइल बंद करून टाकली.

"बरं, सुरुवातीपासून सांगतो. ओळीओळीनं. तुम्ही लाकूड आहात असं समजून सांगतो, रागावू नका. सूचना येते. ही बघा कालची." त्यानं आलेला मजकूर दाखवला आणि मोठ्यानं वाचला. "आज दऱ्यांत उतरू नये. बरोबर? मग ती साफ होते. त्यातल्या जास्तीच्या जागा, न दिसणारा कचरा, सगळं काढून टाकतो. हा कचरा काढायची ओळ मी चार दिवसांपूर्वी घातली, कारण कुठून कुठून चिकटून येणाऱ्या अदृश्य चिन्हांनी आवाज मध्येच तुटायचा. साफ झाल्यावर ती अशी दिसते." त्यानं दुसरी ओळ छापून दाखवली आणि तितक्याच मोठ्यानं वाचली. "आज दऱ्यांत उतरू नये. म्हणजे इथपर्यंत ठीक आहे."

इथपर्यंत ठीक नव्हतं.

मी रोज सकाळी पोथीचा एक अध्याय मोठ्यानं वाचते. मौनाच्या काळात मनात वाचत होते. पोथी वाचणाऱ्याला एक खोड लागते. जे डोळ्यांना दिसतं तेच उच्चारायचं, अर्थ आधीच ठाऊक आहे म्हणून अक्षर गिळायचं नाही. तन्वीर वाचत होता "दऱ्यांत", आणि स्क्रीनवरच्या दुसऱ्या ओळीत य च्या डोक्यावर रफार बसलेला होता. तिथे लिहिलं होतं "दर्यांत". आज दर्यांत उतरू नये. वरच्या ओळीतला र आडवा, खालच्या ओळीतला उभा होऊन डोक्यावर चढलेला. डोंगरातली दरी साफसफाईत धुतली गेली आणि तिचा समुद्र झाला. पुढे स्क्रिप्टनं आपलं काम चोख केलं. दर्या हा शब्द दिसला की तांडेलांना फोन, तसा तो गेला.

तन्वीर अजून बोलतच होता. "म्हणजे मजकूर ठीक, यादी ठीक, फोन ठीक."

माझ्या जिभेच्या टोकावर दोन शब्द होते. पुन्हा वाच. एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. बोट स्क्रीनवर ठेवलं असतं तरी झालं असतं. घड्याळात अकरा वीस. भोंग्याला चाळीस मिनिटं. बारा वाजता सांगितलं असतं तर साडेबाराला त्याला चूक कळली असती, पण चूक दुरुस्त होऊन, तपासून, मामूंसमोर उभं राहण्याइतकी त्याच्या अंगी मुरली नसती. आणि मामूंना कळतं माणूस कधी उसनं बोलतोय ते.

मी माझा कीबोर्ड जवळ ओढला.

स्क्रिप्टला चाचण्या लिहिण्याची सवय मला आधीपासून. चाचणी म्हणजे मशीनला घातलेला प्रश्न. हे दिलं तर ते आलं पाहिजे, नाही आलं तर मला सांग. निरोपाच्या कामाला आम्ही थोड्या चाचण्या लिहिल्या होत्या, पण त्यात मजकुराची एकही नव्हती. मी कालच्या सूचनेतला शब्द जसाच्या तसा उचलला. तो साफसफाईच्या ओळीतून काढायचा, आणि बाहेर येताना तो दर्या झालेला असता कामा नये. तीन ओळींचं काम. मशीनला सांगितलेलं. लाटण्यासारखं.

अडलं ते नावापाशी. चाचणीला नाव लागतं. सुरुवातीला टेस्ट हा शब्द हवा, पुढे काहीही चालतं. एक, दोन, तीन असं नाव दिलं असतं तरी मशीनला फरक पडत नव्हता. मी बोटं कीबोर्डवर ठेवून बसले. तन्वीर बाजूला पुन्हा यादी उघडत होता. शेवटी मी पुढे मराठीत लिहिलं, शब्दांच्या मधे खालच्या रेघा देऊन: "दऱ्या_दर्या_होऊ_नये".

आणि चाचण्या चालवल्या.

काळ्या खिडकीत हिरवे ठिपके पडत गेले, मग एक लाल. लाल अक्षरांत चाचणीचं नाव. तन्वीरचं लक्ष लाल रंगानं वेधलं. सगळ्यांचंच वेधतं.

"हे काय चालवलंत? दऱ्या दर्या होऊ—" तो थांबला. खुर्चीवरून अर्धा उठला. त्यानं दोन्ही ओळी पुन्हा वर आणल्या आणि या वेळी त्यानं बोट ठेवून वाचलं, शाळेतल्या पोरासारखं. "दऱ् यां त. दर् यां त." मग अगदी हळू म्हणाला, "या अल्ला. मी डोंगर पुसला."

त्यानंतर त्याला माझी गरज उरली नाही. मी खुर्ची थोडी मागे घेतली. त्यानं आधी ते सगळे "इथे आलो" पुसून टाकले आणि फाइल परवाच्या स्थितीला नेली. मग पायथनची आज्ञा-खिडकी उघडली, शब्द त्यात टाकला आणि त्याची अक्षरं सुटी केली. द, र, हलन्त, आणि मग एक असं चिन्ह जे दिसतच नाही, त्यानंतर य. न दिसणारं ते चिन्ह र ला सांगतं की डोक्यावर चढू नकोस, आडवा राहा. काही कीबोर्डवर आडवा र असाच लिहिला जातो. तन्वीरच्या ओळीनं ते कचरा समजून झाडून टाकलं होतं.

"काढायचं नाही," तो स्वतःशीच बोलत होता. "सगळं सरसकट काढायचं नाही. र नंतर ते आलं तर त्या जागी आडव्या र चं स्वतःचं अक्षर ठेवायचं. बाकीचं काढायचं." एकच बदल केला, चाचण्या चालवल्या. लाल. त्यानं कुठं चुकलं ते पाहिलं, पुन्हा एकच बदल. हिरवं. मग त्यानं आपण होऊन आणखी चाचण्या लिहिल्या. वाऱ्यावर, किनाऱ्यावर, फेऱ्यांवर. "आचाऱ्यांना," तो पुटपुटला आणि तीही घातली. सगळं हिरवं झालं.

भोंगा झाला. मी मनात देवाचं नाव घेतलं, मग मोठ्यानं म्हटलं, "राम कृष्ण हरी. तन्वीर, शर्टाचं बटण."

तो खाली बघून हसला, बटण नीट लावलं आणि म्हणाला, "चला, ताई. मीटिंगला चला. तुम्ही बोलू नका, नुसत्या बसा."

"एवढी सवय झाली होय तुला?"

सोसायटीच्या खोलीत माशांचा आणि डिझेलचा वास, भिंतीला सरकारी पोस्टर, पंख्याखाली चेअरमन पिळणकर. तांडेल बाकांवर आणि बाकीचे दारात. कासममामू खिडकीच्या कठड्यावर बसले होते, पाठ आमच्याकडे आणि तोंड खाडीकडे.

"बोल बाबा," पिळणकर म्हणाले. "मशीनला काय झालं होतं? भूत?"

तन्वीरनं कॉम्प्युटर काढलाच नाही. फोन काढला, स्पीकर चालू केला आणि मशीनच्या आवाजात कालचं वाक्य ऐकवलं. "आज दर्यांत उतरू नये."

"हां, हाच," दोनतीन जण म्हणाले.

मग दुसरं ऐकवलं. "आज दऱ्यांत उतरू नये."

मग मागून एक तांडेल म्हणाला, "पुन्हा लाव." त्यानं पुन्हा लावलं. लोक आपापसांत दोन्ही शब्द म्हणून बघू लागले, दर्या, दऱ्या, जिभेवर घोळवून, नव्या माशाची चव बघावी तसे.

"सूचना दरीची होती," तन्वीर म्हणाला. "मी मजकूर साफ करताना र ला रफार करून टाकला. ती ओळ मी लिहिली होती. दुसऱ्या कुणी नाही. दरीचा दर्या झाला, म्हणून फोन तुम्हाला आला. आज ते दुरुस्त केलंय. आणि यापुढे रोज पहाटे निरोप सुटायच्या आधी मशीन स्वतःला हे शब्द विचारणार. एकाचंही उत्तर चुकलं तर कुणालाच फोन जाणार नाही, आधी मला उठवणार."

पिळणकर मान हलवत म्हणाले, "आमच्या मराठीच्या गुरुजींनी याच्यासाठी माझा कान पिळला होता. आचारी नि आचार्य. लग्नात आचाऱ्यांचं पाकीट आचार्यांना गेलं तर जेवण काय मंत्रांचं वाढणार?" खोली हसली. तन्वीरही हसला. त्याच्या कपाळावरचा घाम अजून वाळला नव्हता.

कासममामू वळले नव्हते. "म्हंजे," ते खाडीकडे बघतच म्हणाले, "तुज्या मशीनला काल डोंगर नि दर्या येकच हुता."

"काल होता, मामू."

"आनि आज?"

"आज वेगळा आहे. उद्या पहाटे फोन येईल. बहुतेक दर्याचाच येईल. खरा."

"बगू," मामू म्हणाले, आणि उठून गेले.

त्या "बगू"वर आम्ही घरी गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे फोन गेले. आज दर्यात उतरू नये. मी मौनात होते, ऑफिसात बसून मासिक बिलांची जुळणी करत होते आणि एकही आकडा डोक्यात शिरत नव्हता. नऊच्या सुमाराला तन्वीर धक्क्यावरून आला. केस वाऱ्यानं उभे, बूट भिजलेले. तो काय सांगणार हे त्याच्या जिन्यावरच्या पावलांवरून ओळखायचा मी प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"एकही होडी गेली नाही," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. "लाटा धक्क्यावर चढतायत. पलीकडच्या बंदरातल्या दोन होड्या मध्यावरून परत फिरल्या."

मी डोळे मिटले. तेवढं काष्ठमौनात चालत असावं.

"मामू पण नाही गेले. मी विचारलं, फोन उचलला होता ना? म्हणाले, कसला फोन? डिझेल न्हवतं म्हून न्हाय गेलो." तन्वीर बूट काढू लागला. "टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती, ताई. मी झाकण उघडून बघितलं."

भोंगा झाल्यावर मी डबा उघडला. तन्वीर समोर येऊन बसला आणि काहीतरी विचारायचं असल्यासारखा पोळीचा तुकडा फिरवत राहिला.

"ताई, त्या चाचणीला नाव तुम्ही दिलंत."

"नाव लागतंच."

"नंबर देऊन भागलं असतं. आधीच्या चाचण्यांना तुम्ही नंबरच दिलेत. मी बघितलं."

मी भाजी त्याच्या पोळीवर वाढली. "नंबर दिला असता तर तुला काय कळलं असतं?"

"लाल झालंय एवढंच. का ते शोधत बसलो असतो." त्यानं पोळीचा तुकडा खाली ठेवला. "म्हणजे ते नाव मशीनसाठी नव्हतं."

"नाही. तुझ्यासाठी होतं."

"मग तुमचं मौन मोडलं."

"मोडलं," मी म्हटलं. "समजून उमजून मोडलं. नाव देणं म्हणजे बोलणंच. लाटण्याला कुणी नाव ठेवत नाही."

त्याला वाईट वाटलं. ते मला नको होतं. तो रमझानचे रोजे धरणारा मुलगा. नेम काय असतो हे त्याला सांगावं लागत नव्हतं. मी म्हटलं, "अरे, देव माझ्यावर रागावला असता तर काल हिरवं झालं नसतं."

तो हसला नाही. विचार करून म्हणाला, "आमच्यात आजारपणात, प्रवासात रोजा राहिला तर गुन्हा नाही. पण नंतर एक दिवस धरून तो भरून काढायचा. तुमच्यात तसं आहे?"

मी सासूबाईंना विचारते म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "असं कुठं लिहिलेलं नाही. पण चांगलं आहे. धर."

म्हणून त्या वर्षी कार्तिकी एकादशीला सगळ्यांचे नेम सुटले, सासूबाईंनी गोडाचा पहिला घास घेतला, आणि दुसऱ्या दिवशी द्वादशीला, दारात तुळशीच्या लग्नाचे ऊस येऊन पडले असताना, मी पुन्हा तोंड मिटून ऑफिसात गेले. तन्वीर आधीच आला होता. मी "आलास लवकर" म्हणणार नव्हतेच. पण तोही काही म्हणाला नाही. पर्स लावताना मी वाट बघितली. नाही. त्यानं स्क्रीनवरून मान वर केली, शांतपणे खाली घातली. तेव्हा मला कळलं की तो माझ्याबरोबर भरपाईला बसलाय. त्याच्या धर्मात याची काही गरज नव्हती आणि माझ्यातही नव्हती. सकाळभर आम्ही दोघं चाचण्या लिहीत राहिलो. मधे एकदा फोन वाजला, वाजत राहिला आणि थांबला. मग पुन्हा वाजला. दोघांपैकी कुणी उचलला नाही.

साडेअकराच्या सुमाराला जिन्यावर जड पावलं वाजली आणि दारात कासममामू उभे राहिले. तोवर ते आमच्या ऑफिसची पायरी कधी चढले नव्हते. डोक्यावर जाळीची टोपी, हातात फोन, दमलेले.

"मेलाव काय दोगं? दोनदा फोन केला."

आम्ही त्यांच्याकडे पाहिलं. तन्वीरचे ओठ हलल्यासारखे झाले आणि मिटले.

"उद्याच्याला वारं फिरनार असं दिसतंय मना. अंगाला कळतंय. तुमच्या मशीनकडं काय आलंय का, ता सांगा." मामूंनी माझ्याकडे पाहिलं, मग भाच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली. सबंध बंदराला माझ्या मौनाची गोष्ट ठाऊक होती.

"हां," ते म्हणाले. "आनि ह्योपन?"

त्यांनी आत येऊन दाराजवळचं बाकडं हातानं झाडलं आणि बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"उद्या पाच मानसं घेऊन जायचं हाय," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "न विचारता न्हाय जायाचा. बसतो भोंग्यापतूर."

खाली बर्फ फोडणं चालू होतं. आम्ही पुन्हा चाचण्यांकडे वळलो, आणि मामू आमच्याकडे तोंड करून घड्याळाकडे बघत बसले.